मोहाची दारू (चंद्रपूर व गडचिरोली)

मोहाची दारू हे मोह या वृक्षाची वाळलेली फुले आंबवून व ऊर्ध्वपातनाने गाळून तयार केले जाणारे मद्य आहे. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत गोंड, माडिया, कोलाम, परधान आदी आदिवासी समाजांच्या धार्मिक व सामाजिक जीवनात या मद्याला परंपरेने स्थान आहे. याच दोन जिल्ह्यांत स्त्रियांच्या पुढाकाराने दारूबंदीची मोठी आंदोलनेही झाली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी लागू आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात लागू होती. त्यामुळे मोहाची दारू हा येथे परंपरा, उपजीविका, आरोग्य आणि कायदा या चारही अंगांनी चर्चिला जाणारा विषय आहे.

नाव व वृक्ष

मोह किंवा मोहा हा सॅपोटेसी, म्हणजे चिकूच्या कुळातील पानझडी वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव मधुका लाँजिफोलिया असे आहे. संस्कृतात त्याला मधूक, हिंदीत महुआ, तर तेलुगूत इप्प म्हणतात. तेलंगणाला लागून असलेल्या सिरोंचा भागात तेलुगू नावही कानी पडते. उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. फुले मळकट पांढरी, मांसल व रसाळ असून रात्री उमलतात आणि पहाटे गळून खाली पडतात. त्यांच्या उग्र गोड वासाने फलभक्षी वटवाघळे, अस्वले, हरणे व माकडे झाडाकडे येतात. फुलांनंतर येणाऱ्या नव्या पालवीचा रंग तांबूस असतो. पुढे पावसाळ्याच्या सुमारास फळे पिकतात. त्यांना या भागात टोळ म्हणतात व त्यांच्या बियांपासून खाद्यतेल काढतात.

वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. हे फूल सहज आंबते ते याच कारणाने. मात्र मोहफुलाचा उपयोग केवळ दारूपुरता नाही. फुले उकडून किंवा भाजून खातात, पिठात मिसळून भाकरी करतात, त्यांचे लाडू करतात आणि गुरांनाही चारतात. दुष्काळाच्या वर्षांत मोहफूल हे मध्य भारतातील वनवासी कुटुंबांचे आधाराचे अन्न राहिले आहे.

फुलांचे संकलन

मार्च व एप्रिल हे मोहफुले वेचण्याचे महिने होत. स्त्रिया व मुले पहाटेच टोपल्या घेऊन रानात जातात आणि ऊन चढण्यापूर्वी फुले वेचून घरी आणतात. अंगणात पसरून वाळविल्यावर फुले लालसर तपकिरी होतात व बरेच दिवस टिकतात. शेतातील व बांधावरील झाडांची मालकी त्या त्या कुटुंबाकडे असते. रानातील झाडे कोणी वेचायची, याविषयीही गावागावांत संकेत ठरलेले असतात.

फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा आहे. ही आग आटोक्यात न राहिल्यास वणवा पेटतो. वणव्यात व चराईत रोपे टिकत नसल्याने नव्या मोहझाडांची वाढही खुंटते. यावर उपाय म्हणून पालापाचोळा झाडून काढणे किंवा झाडाखाली जाळी बांधून फुले गोळा करणे हे पर्याय सुचविले जातात.

वेचणीचा हंगाम धोक्याचाही असतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात अस्वलाशी गाठ पडण्याचा संभव असतो. ब्रह्मपुरी वनविभागात आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वाघांची संख्या मोठी असल्याने वाकून फुले वेचणाऱ्या माणसांवर हल्ले होऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे एकट्याने न जाता गटाने जावे व उजाडल्यावरच जावे, अशा सूचना वनविभाग देत असतो.

तयार करण्याची पद्धत

वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात. फुलांवरील नैसर्गिक किण्वामुळे काही दिवसांत ती आंबून फसफसू लागतात. थंडीत या क्रियेला अधिक दिवस लागतात. या आंबलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत येणारा ‘मोहसडवा’ हा शब्द याच अर्थाचा आहे.

सडवा तयार झाला की तो चुलीवरील मोठ्या भांड्यात घालून मंद आचेवर तापवितात. भांड्याचे तोंड दुसऱ्या भांड्याने झाकून सांधे ओल्या मातीने लिंपतात, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात नेतात, किंवा वर ठेवलेल्या गार पाण्याच्या भांड्याच्या बुडाला लागून ती थिजते व खालच्या भांड्यात ठिबकते. वरचे पाणी गरम होताच बदलावे लागते. सुरुवातीला येणारी दारू, म्हणजे पहिली धार, सर्वांत कडक असते. त्यापुढील धार क्रमाने सौम्य होत जाते.

विक्रीसाठी घाईने गाळल्या जाणाऱ्या दारूत मोहफुलांसोबत गूळ, नवसागर व तुरटी घातली जाते. मातीच्या मडक्यांची जागाही प्लॅस्टिकच्या कॅन व पत्र्याच्या डब्यांनी घेतली आहे. घरगुती विधीसाठी गाळलेली दारू आणि हातभट्टीचा माल या दोहोंत गुणवत्तेचा फरक पडतो तो येथे.

सामाजिक व धार्मिक स्थान

गोंड व माडिया समाजांत पेन, म्हणजे कुलदैवते, आणि पूर्वज यांना मोहाच्या दारूचे काही थेंब जमिनीवर वाहून विधीला आरंभ करतात. जन्म, लग्न, मृत्यू, नव्या पिकाचा सण आणि पंचायतीतील समेट या प्रसंगी ती लागते. आलेल्या पाहुण्याला पानांच्या द्रोणात दारू देणे हे आदराचे लक्षण मानले जाते. या परंपरेत पिण्याला प्रसंग, सोबत व मर्यादा यांचे बंधन होते. बाजारासाठी गाळलेल्या दारूला असे कोणतेही बंधन नसते, हा मुद्दा दारूबंदीच्या बाजूने व विरोधात बोलणारे दोघेही मांडताना आढळतात.

कायदा व दारूबंदी

ब्रिटिश काळात पूर्वीचा चांदा जिल्हा मध्यप्रांतात मोडत होता. अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे साधन असल्याने घरगुती गाळपावर निर्बंध आणून मक्तेदारांमार्फत दारू विकण्याची व्यवस्था करण्यात आली. मुंबई इलाख्यात तर मोहफुले बाळगण्यावरच नियंत्रण आणणारा कायदा १८९२ मध्ये झाला होता. सध्या राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू असून विनापरवाना दारू गाळणे, बाळगणे व विकणे हे त्याखाली गुन्हे आहेत. शेजारच्या छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरती ठराविक प्रमाणात दारू गाळण्याची सवलत आहे. त्यामुळे एकाच समाजाची माणसे सीमेच्या दोन बाजूंना वेगळ्या नियमांखाली राहतात.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था, इतर सामाजिक कार्यकर्ते आणि गावोगावच्या स्त्रिया यांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये तेथे दारूबंदी लागू झाली. पतीच्या व्यसनामुळे मजुरीचा पैसा घरी न येणे व मारहाण या स्त्रियांच्या मुख्य तक्रारी होत्या. बंदीनंतर परवानाधारक दुकाने बंद झाली, तरी हातभट्टी व सीमेपलीकडून येणारी चोरटी दारू हे प्रश्न उरले. २०१६ पासून शासन, सर्च व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झाले. गाव संघटनांच्या स्त्रिया पोलिसांच्या मदतीने सडवा नष्ट करतात, तसेच व्यसनींसाठी उपचार शिबिरे भरविली जातात.

चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. डिसेंबर २०१० मध्ये स्त्रियांनी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. वर्धा व गडचिरोलीनंतर दारूबंदी झालेला हा राज्यातील तिसरा जिल्हा होता. अवैध विक्री व बनावट दारू वाढल्याचे कारण देत, निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही बंदी उठविली. दारूबंदीच्या समर्थकांनी या निर्णयाला विरोध केला. बंदी उठल्यानंतर परवानाधारक दुकाने व बार पुन्हा उघडले. हातभट्टीची दारू मात्र तेथे आजही बेकायदेशीरच आहे.

या दोन जिल्ह्यांना वेगळे करणारी वैनगंगा नदी ओलांडताच कायदा बदलतो. चंद्रपूर जिल्ह्यात परवाना असलेल्या ठिकाणी मद्य मिळते. तेथून बाटली घेऊन गडचिरोलीत जाणे हा गुन्हा ठरतो. ताडोबा, हेमलकसा किंवा मार्कंडा येथे येणाऱ्या प्रवाशांना हा भेद ठाऊक असणे आवश्यक आहे.

ग्रामसभांची भूमिका

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसह गौण वनोपजांवर गावाची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. या गावाने दारूविषयीचा निर्णयही गावसभेत चर्चा करून, सर्वसहमतीने घेतला होता.

मोहफुलांच्या संकलन, साठवण व वाहतुकीवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले. हंगामात पैशाची निकड असलेली कुटुंबे फुले स्वस्तात विकतात आणि व्यापारी ती साठवून पुढे चढ्या भावाने विकतात, ही जुनी अडचण आहे. साठवणुकीची सोय, लाडू, सरबत व जॅम यांसारखे खाद्यपदार्थ आणि ग्रामसभांमार्फत एकत्रित विक्री हे त्यावरील उपाय मानले जातात.

आरोग्य

मोहाच्या दारूतील अल्कोहोलचे प्रमाण प्रत्येक भट्टीगणिक बदलते. ते मोजले जात नसल्याने पिणाऱ्याला मात्रेचा अंदाज येत नाही. दीर्घकाळ सेवनाने यकृताचे विकार व व्यसनाधीनता संभवते. औद्योगिक मिथेनॉल मिसळलेली दारू मात्र प्राणघातक ठरू शकते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

अन्य राज्यांतील स्थिती

गोव्यातील काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देऊन आदिवासी बचत गटांना तिच्या उत्पादनाचे परवाने दिले. महाराष्ट्रातही असे धोरण असावे, असे मत व्यक्त होते. त्यातून वेचणाऱ्यांना रास्त भाव मिळेल, असे समर्थक म्हणतात. नफा मोठ्या उद्योगांकडे जाईल आणि गावांतील व्यसन वाढेल, अशी शंका दारूमुक्तीचे कार्यकर्ते मांडतात.