रमण्यातली दक्षिणा आणि देवळाचे दार

पेशवाईच्या काळी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी भिंतींनी वेढलेले एक विस्तीर्ण आवार होते. त्याला रमणा म्हणत. श्रावण महिना लागला की ह्या रमण्याच्या वाटा माणसांनी फुलून जात. कोकणातले, देशावरचे, तेलंगणातले, थेट उत्तरेकडचेही ब्राह्मण मजल दरमजल करीत पुण्यात येत. शास्त्रीपंडितांची परीक्षा वेगळी होई, त्यांचा मानही वेगळा. बाकीच्या भिक्षुकांना रमण्यात घेत आणि बाहेर पडताना ज्याच्या त्याच्या हातावर दक्षिणा ठेवत. हा सारा खर्च सरकारी तिजोरीतून होई, आणि पेशवाईच्या भरभराटीत त्याचा आकडा लाखांच्या घरात जाई.

आज रमणा नाही, पेशवेही नाहीत. पण त्या रमण्याच्या दाराशी जो प्रश्न उभा होता, तो मात्र अजून आपल्या दाराशी उभा आहे. राज्याने धर्माशी संबंध ठेवावा की नाही? ठेवलाच तर किती? दोहोंमध्ये पक्की भिंत घालावी, की अधूनमधून एखादी खिडकी असू द्यावी? ह्या प्रश्नावर आपल्याकडे तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. पण परदेशांतले दाखले देण्यापूर्वी आपल्याच घरातली ही जुनी वही एकदा उघडून पाहावी, असे मला वाटते. दिवाळीत घरातल्या जुन्या पेट्या उघडतातच. त्यातलीच ही एक समजा.

ही चाल तळेगावच्या दाभाड्यांनी घातली. सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. पुढे १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि सेनापतीच्या घराचे तेज उतरले. तेव्हा पहिल्या बाजीरावाने ही दक्षिणा पुण्यात आणली. लढाई जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची दौलत घ्यावी हे समजते. इथे बाजीरावाने हरणाऱ्याचा धर्मादायही उचलला. कारण उघड आहे. ज्याच्या हातून दान होते त्याच्याकडे लोक राजा म्हणून पाहतात. धर्म राज्याला शोभा देतो आणि राज्य धर्माला पैसा देते, असा हा जुना सौदा आहे, आणि तो जगातल्या बहुतेक दरबारांनी केलेला आहे.

ह्या सौद्यात चांगले काहीच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. छापखाने नव्हते, विद्यापीठे नव्हती, त्या दिवसांत न्याय, व्याकरण, वेदान्त शिकून आलेल्या माणसाला आपल्या विद्येची किंमत कुठेतरी होते हे दक्षिणेमुळेच कळे. पण वहीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. तिजोरीत येणारा पैसा कुणाचा? कुणब्याने भरलेल्या साऱ्याचा, बलुतेदाराच्या पट्टीचा, मुलूखगिरीत मिळालेल्या चौथाईचा. तो आला सर्वांच्या घामातून आणि गेला एका जातीच्या हातात. मळ्यातल्या माळ्याला किंवा गावकुसाबाहेरच्या महाराला रमण्याचे दार कधीच उघडे नव्हते. आपल्या पैशाने चाललेला उत्सव त्यांनी लांबून पाहायचा, एवढाच त्यांचा वाटा.

त्या काळात हा गुंता ओळखणारा एक माणूस खुद्द पेशव्यांच्या दरबारात होता. ते म्हणजे माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. त्यांच्या दोन गोष्टी परंपरेने चालत आल्या आहेत. पहिली अशी, की तरुण माधवराव पेशवे जपजाप्यात इतके गुंतले की राज्याच्या कामासाठी माणसे ताटकळत राहू लागली. रामशास्त्री निरोप घ्यायला आले. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा, की ब्राह्मणाचे कर्मच आचरायचे असेल तर गादी सोडा आणि चला, दोघेही काशीला जाऊ. गादीवर राहायचे असेल तर प्रजेचे काम हीच तुमची संध्या. माधवरावांनी ते मानले. दुसरी गोष्ट दक्षिणेचीच आहे. वाटपावर रामशास्त्री असताना त्यांचे सख्खे बंधू रांगेत आले. नाना फडणीस जवळच होते. शास्त्रीबोवांचे बंधू, तेव्हा त्यांना वीस रुपये द्यावे असे त्यांनी सुचवले. रामशास्त्री म्हणाले, हे काही मोठे विद्वान नव्हेत, इतरांप्रमाणे ह्यांना दोनच रुपये मिळतील. भाऊ म्हणून जे करायचे ते मी माझ्या पदरचे करीन.

वाचकहो, राज्य आणि धर्म ह्यांच्यावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. पण ह्या दोन गोष्टींत जे आले आहे त्याहून फार वेगळे त्यांत सापडेल असे नाही. राजाची पूजा ही राजाची खाजगी बाब, राज्याचे काम ती नव्हे. आणि पुण्य जोडायचे तर ते स्वतःच्या कनवटीच्या पैशाने जोडावे, सरकारी पैशाने नव्हे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनसाहेब धोरणी होता. साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात त्याने वतने, इनामे, देवस्थानांची उत्पन्ने चालतील असे लोकांना सांगितले होते. एवढा मोठा विद्वान आणि भिक्षुकवर्ग एका रात्रीत उपाशी पडला तर काय होईल, हे त्याला कळत होते. त्याने दक्षिणा बंद केली नाही. पण ती सुमारे ५०,००० रुपयांवर आणली आणि नुसत्या भिक्षुकीकडून विद्येकडे वळवली. १८२१ साली कमिशनर चॅप्लिनसाहेबाने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा खर्चही ह्याच पैशातून निघाला. पुढे यादीत नवी नावे घेणे बंद झाले. जुने धनी वारत तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली, आणि ह्या शिलकेचे काय करायचे असा प्रश्न निघाला.

१८४९ साली पुण्यातल्या काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख त्यांच्यातले प्रमुख. मागणी साधी होती: ह्या पैशातला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, आणि तो कोणत्याही जातीच्या माणसाला मिळावा. पुण्यात केवढा गहजब झाला! हा पैसा ब्राह्मणांचा, साहेबाने तो चालू ठेवण्याचा शब्द दिला आहे, असे जुन्या मंडळींचे म्हणणे. अर्जदारांना मारहाण होईल अशी हवा उठली. तेव्हा जोतीराव फुल्यांनी महार-मांग वस्तीतले दोनशे धट्टेकट्टे लोक त्यांच्या रक्षणासाठी उभे केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना रमण्याच्या दाराशी उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांनीच त्या पैशाचा रस्ता बदलायला पाठबळ द्यावे, हा इतिहासाचा मोठा न्याय म्हटला पाहिजे.

सरकारने अर्ज अंशतः मान्य केला. १८५१ साली दक्षिणा प्राईझ कमिटी आली. मराठी गद्याच्या बाल्यावस्थेतली कित्येक पुस्तके ह्या बक्षिसामुळे लिहिली गेली. ह्याच निधीतून फुल्यांच्या शाळांनाही मदत मिळाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. श्रावणातले दान विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती झाले. एका धर्मकृत्याचा पैसा सर्वांच्या विद्येकडे गेला आणि त्यामुळे धर्म काही बुडाला नाही.

परंतु गोष्ट इथे गोड शेवट करून संपत नाही. १८५५ साली फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून ह्याच कमिटीकडे पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. फुल्यांनी ह्याचा दोष कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहाला दिला. तात्पर्य काय, तिजोरीवरची पाटी बदलली तरी किल्ली कुणाच्या हातात आहे हेही पाहावे लागते.

आता कंपनीच्या तटस्थपणाकडे पाहू. प्रारंभी ती तटस्थ नव्हतीच. जगन्नाथपुरी, गया, प्रयाग येथे यात्रेकरूंकडून ती कर घेत असे. मूर्तिपूजेच्या पैशावर ख्रिस्ती सरकार पोसले जाते अशी ओरड विलायतेत झाली, तेव्हा १८४० साली हा कर उठवण्यात आला. १८५८ साली राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ करणार नाही असे वचन आले, आणि १८६३ च्या कायद्याने सरकारी अधिकाऱ्यांनी देवस्थानांच्या कारभारातून अंग काढून घ्यावे असे ठरले. ऐकायला हे सारे छान आहे. मात्र सरकारी पाद्र्यांचे पगार हिंदुस्थानच्या वसुलातून इंग्रज जाईपर्यंत चालूच होते. भिंत होती, पण ती एकाच बाजूने उंच होती.

आणि ह्या तटस्थपणाची खरी परीक्षा देवळाच्या दाराशी झाली. तामिळ मुलखात कमुदी येथे नाडार लोकांनी देवळात जाण्याचा हक्क मागितला. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ साली निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्रीपुरुष बंद दाराशी बसले. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे वर्षानुवर्षे चालवला. सरकारचे म्हणणे काय, तर आम्ही धर्मात पडत नाही! पण त्या दाराभोवती पोलीस मात्र सरकारचेच होते. जो आत आहे त्याच्या कुलपाला पहारा आणि जो बाहेर आहे त्याला जमावबंदीचा हुकूम, ह्याला तटस्थपणा म्हणायचे काय? रूढीचा अंमल सरकारी न्यायालयाने आणि सरकारी दंडुक्याने चालत असेल, तर 'आम्ही मध्ये पडत नाही' हे वाक्य फक्त बलवंताच्या सोयीचे होते.

पंढरपूरचे दारही असेच बंद होते. महाद्वारात चोखोबाची समाधी. जिवंतपणी ज्याला आत घेतले नाही त्याच्या समाधीवरून पुढे जायचे आणि त्याच्या वंशाच्या माणसाला तिथेच अडवायचे! साने गुरुजींनी ह्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले. अमळनेरच्या शाळेतल्या ह्या मास्तरांकडे ना पोलीस होते ना खजिना. दहा दिवसांनी मंदिर उघडण्याचे ठरले. त्याच साली मुंबई सरकारने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. उपोषणाने मन वळते. पण उद्या ते मन फिरले तर काय, ह्याचे उत्तर कायद्यापाशी असते. दोन्ही हवेत.

आपल्या घटनाकारांपुढे ही सारी वही उघडी होती. त्यांनी २७ व्या कलमात सांगितले, की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्ची घालायचा कर भरण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. ते वाचताना मला रमणा आठवतो. २८ व्या कलमात सांगितले, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही. पण १७ व्या कलमात अस्पृश्यता नष्ट केली आणि २५ व्या कलमात हिंदूंची सार्वजनिक स्वरूपाची देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचा कायद्याचा अधिकार राखला. तिथे मला काळाराम आठवतो. घटनेने तिजोरीच्या बाजूला भिंत घातली आणि दाराच्या बाजूला वाट ठेवली. पुष्कळ विद्वान ह्याला गोंधळ म्हणतात. माझ्या अल्प मतीला तो गोंधळ वाटत नाही. आपण भोगलेल्या दोन दुःखांवरची ती दोन औषधे आहेत.

मात्र औषध प्रमाणात घ्यावे लागते. १९७३ च्या कायद्याने पंढरपुरातले बडवे, उत्पात इत्यादींचे वंशपरंपरेचे हक्क संपवले. खटले चालले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात त्यावर पडदा पडला. दर्शनाला येणाऱ्या गरिबाची नाडणूक थांबावी म्हणून सरकारने हात घातला, हे योग्यच झाले. पण जो हात नाडणूक थांबवायला आत गेला तो दानपेटीवरच विसावला, तर नव्या बडव्यांचे काय करायचे? समितीवर भक्त नेमायचे की पक्षाचे कार्यकर्ते, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या राज्यात विचारायला हवा. आणि दाराचा न्याय सर्वांना सारखा हवा. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या प्रवेशाबाबत शनिशिंगणापूर आणि हाजीअली दर्गा ह्या दोन्ही ठिकाणी एकच माप लावले, ह्याचे म्हणूनच मोल आहे.

राहता राहिली आषाढीची शासकीय महापूजा. दरवर्षी मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची पूजा करतात आणि रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला त्यांच्याशेजारी मान मिळतो. तो देखावा मनाला भिडतो हे मी नाकारीत नाही. शेतकरी नवराबायको राज्याच्या प्रमुखाशेजारी बसतात, ही विठोबाच्याच दरबारात घडणारी गोष्ट. तरीही रामशास्त्री आज असते तर त्यांनी काय विचारले असते? मला वाटते ते म्हणाले असते, 'पूजा अवश्य करा, पण मुख्यमंत्री म्हणून नव्हे, माणूस म्हणून करा. आणि ताटातली दक्षिणा तुमच्या पदरची असू द्या.' 'शासकीय' हा शब्द गळला तर पूजेचे काही उणे होणार नाही. ज्या नागरिकाचा देव वेगळा आहे, किंवा ज्याला देवच नाही, त्याला मात्र हे राज्य थोडे अधिक आपले वाटेल.

म्हणून कुणी विचारले, की धर्म आणि राज्य अगदी काटेकोर वेगळी ठेवावीत काय, तर त्याला उलट विचारावे: तिजोरीबद्दल विचारतोस की दाराबद्दल? तिजोरी वेगळीच ठेवावी, तिथे एका पैची सूट नको. पण देवळाच्या, दर्ग्याच्या, कोणत्याही सार्वजनिक देवघराच्या दाराशी माणसाला माणूस म्हणून अडवले जात असेल, तर तिथे राज्याने पाठ फिरवू नये. दार उघडावे आणि आपण बाहेर थांबावे. आत गेल्यावर काय मागायचे, ते ज्याचे त्याने आपल्या देवाशी पाहून घ्यावे.