शिरोडकरांचा टाका

चौथा-पाचवा महिना उलटावा, आणि धड कळाही न येता गर्भपिशवीचे तोंड उघडून मूल हातचे जावे. पुढच्या खेपेलाही तेच. हा घाव सोसणाऱ्या बायकांचा प्रश्न मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मनावर घेतला. मूळचे ते गोव्यातल्या शिरोड्याचे. दोष तोंडाच्या ढिलेपणात असेल तर दिवस गेलेले असतानाच ते आवळावे, हा त्यांचा विचार. १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात त्यांनी ही शस्त्रक्रिया मांडली.

बांधायला पट्टी घेतली तीही त्या बाईच्याच मांडीतली, स्नायूंवरच्या चिवट पडद्याची. योनिमार्गातून पुढच्या बाजूला छेद घेऊन मूत्राशय वर सरकवायचे, मागेही छेद घ्यायचा, आणि आतल्या तोंडाच्या शक्य तितके जवळ, अस्तराखालून पट्टी फिरवून बांधायची. सगळी मेहनत उंची गाठण्यासाठी. पुढे मांडीतल्या पट्टीच्या जागी कृत्रिम धाग्याची फीत आली.

दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी हे काम सोपे केले. मूत्राशयाला हात लावायचा नाही. बटव्याची नाडी ओवावी तसा तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी टाका घेऊन आवळायचा. घालायला सोपा, सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास काढायलाही सोपा. साहजिकच तो जगभर रुळला.

पोटातून, आणखी वर टाका घालण्याची रीत बेन्सन आणि डर्फी यांनी १९६५ मध्ये मांडली. या तिन्हींची खरी तुलना व्हायला २०२० उजाडले. ब्रिटनमधल्या ‘मॅव्हरिक’ चाचणीत खालचा टाका आधी एकदा निकामी ठरलेल्या बायका होत्या. बत्तीस आठवड्यांआधी बाळंत होण्याचे प्रमाण पोटातल्या टाक्याने ८ टक्के, योनीतून घातलेल्या खालच्या टाक्याने ३३ आणि उंच टाक्याने ३८ टक्के निघाले. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक सिद्ध होण्याइतका नव्हता.

म्हणजे योनीतून उंच जाण्याच्या खटाटोपाचा वेगळा फायदा या बायकांत दिसला नाही. तरीही मला यात शिरोडकरांची हार दिसत नाही. आधार आतल्या तोंडापाशी हवा, हे त्यांचे म्हणणे पोटातल्या टाक्याने खरे करून दाखवले. मात्र त्याची किंमत आईच मोजते: टाका घालायला पोटावर शस्त्रक्रिया, आणि बाळ जन्माला घालायला सिझेरियन. म्हणून पहिल्याच खेपेला सहसा तो सुचवत नाहीत.