आसनावरून उठल्यानंतर : नित्य जीवनातील बौद्ध स्मृतिसाधना

ध्यान म्हटले की एकांत, आसन आणि मिटलेले डोळे एवढेच चित्र बहुतेकांच्या मनात उभे राहते. भगवान बुद्धांच्या उपदेशात मात्र आसनावरील बैठक हा साधनेचा केवळ एक भाग आहे. आमच्याकडे येणारे अनेक भाविक एक प्रश्न वारंवार विचारतात : "दहा दिवसांच्या शिबिरात मन शांत होते, परंतु घरी परतल्यावर महिन्याभरात सर्व पूर्ववत होते. यास उपाय काय ?" त्या प्रश्नास अनुसरून ही माहिती येथे संकलित करीत आहोत.

आपल्या परिसराशी असलेला संबंध

हुबळी-धारवाड परिसरास बौद्ध साधना परकी नाही. सम्राट अशोकाच्या काळी झालेल्या तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर निरनिराळ्या प्रदेशांत स्थविर पाठविण्यात आले, असे श्रीलंकेतील 'महावंस' या ग्रंथात सांगितले आहे. त्यांपैकी रक्खित स्थविर वनवास प्रांतात व महाधम्मरक्खित स्थविर महारट्ठ प्रांतात गेले. वनवास म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासीचा परिसर, असे अभ्यासक मानतात.

त्याच जिल्ह्यात, हुबळीपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, मुंडगोड येथे १९६६ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत स्थापन झाली. तिबेटमधील गंदेन व द्रेपुंग या प्राचीन मठांची परंपरा येथे पुन्हा उभी राहिली. या मठांत भिक्षू प्रांगणात समोरासमोर येऊन, टाळी वाजवीत, शास्त्रार्थ करतात. एखादे तत्त्व ऐकावे, त्यावर वाद करून ते तपासावे आणि मग त्याचेच चिंतन करावे, असा तेथील क्रम आहे. मन रिकामे करणे म्हणजे ध्यान, हा समज तेथे गेल्यास सहज दूर होतो.

मराठी वाचकांस ही विद्या मूळ पाली ग्रंथांच्या आधारे समजावून देण्याचे मोठे श्रेय धर्मानंद कोसंबी यांना जाते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले कोसंबी बुद्धधर्माच्या ओढीने घर सोडून निघाले व नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश येथपर्यंत गेले. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन त्यांनी केले आणि ध्यानाच्या पद्धतींवर 'समाधिमार्ग' हे पुस्तक मराठीत लिहिले.

स्मृती म्हणजे काय ?

पाली भाषेतील 'सति' हा शब्द संस्कृत 'स्मृती' या शब्दाचेच रूप होय. येथे त्याचा अर्थ गतकाळाची आठवण असा नसून, आपण या क्षणी काय करीत आहोत याचे भान न सुटणे, असा आहे. मज्झिमनिकायातील सतिपट्ठान सुत्तात या भानाची चार क्षेत्रे सांगितली आहेत : शरीर, सुखदुःखादी वेदना, चित्त आणि धम्म, म्हणजे मनात उठणारे विषय.

याच सुत्तातील एक भाग संसारी माणसाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. पुढे जाताना व मागे फिरताना, हात आखडताना व पसरताना, खाताना व पिताना, एवढेच नव्हे तर शौचास जाताना, बोलताना व मौन असतानाही साधकाने जाणीवपूर्वक वागावे, असे तेथे सांगितले आहे. या जाणीवपूर्वक वागण्यास 'संपजञ्ञ' असे म्हणतात. यावरून स्पष्ट होते की, दैनंदिन व्यवहार हा साधनेतील अडथळा नसून साधनेचे क्षेत्रच आहे.

आरंभ कसा करावा ?

आरंभासाठी श्वास हा सर्वांत सुलभ विषय होय. 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात श्वासगणनेची रीत दिली आहे. गणना पाचाच्या आत थांबवू नये व दहाच्या पुढे नेऊ नये. पाचाच्या आत मन कोंडल्यासारखे होते आणि दहाच्या पुढे ते श्वासाऐवजी आकड्यांतच गुंतते. प्रथम धान्य मापणाऱ्याप्रमाणे सावकाश मोजावे, असे आचार्य सांगतात. अडत बाजारात मापाड्यास पाहिलेल्या आपल्या वाचकांना हा दृष्टान्त लगेच कळेल. त्याचे लक्ष मापावरून हलले की हिशोब चुकतो. आणि चुकला तर त्रागा न करता पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. मन भरकटले असता साधकानेही एवढेच करावयाचे असते.

शिबिर आणि त्यानंतर

ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेल्या श्री. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईत भारतातील पहिले शिबिर घेतले. १९७६ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र सुरू झाले. दहा दिवसांच्या शिबिरात आरंभी पंचशील ग्रहण करून मौन पाळले जाते. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाचे निरीक्षण, त्यानंतर शरीरातील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण आणि अखेरीस मैत्रीभावना, असा क्रम असतो. गोयंकाजींचे २०१३ साली निधन झाले. शिबिरे आजही चालू आहेत व त्यांसाठी शुल्क आकारले जात नाही.

शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसावे, असे तेथे सांगितले जाते. आमच्यातील अनेकांची गाडी येथेच अडते. प्रथम संध्याकाळची बैठक सुटते, मग सकाळची, आणि शेवटी "आपल्याला हे जमणारे नाही" अशी निराशा उरते. आमचा अनुभव असा की, तास जमत नसेल तर पंधरा मिनिटे बसावे, परंतु वेळ व जागा बदलू नये. त्याचबरोबर दिवसातील एखादे ठरावीक काम स्मृतिपूर्वक करावे. व्हिएतनामचे भिक्षू थिक न्हात हान्ह भांडी घासण्याचे उदाहरण देत असत. ताट घासताना ताटच घासावे, पुढच्या चहाचा विचार करू नये, असे त्यांचे सांगणे होते. आपण त्याऐवजी अंगण झाडणे, भाकरी थापणे किंवा बसथांब्यावर उभे राहणे यांपैकी काहीही निवडू शकता.

खरी कसोटी

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. पहाटे तासभर शांत बसलेला गृहस्थ चहा थंड झाला म्हणून घरातल्या माणसांवर ओरडत असेल, तर त्याची बैठक कितीही स्थिर असली तरी साधना आसनावरच राहिली असे म्हणावे लागेल. अष्टांगिक मार्गात सम्यक् स्मृतीच्या आधी सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त व सम्यक् आजीव यांचा उल्लेख येतो, तो उगाच नव्हे. १९५६ साली नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही माणसामाणसांतील योग्य व्यवहार हाच धम्माचा गाभा मानला.

राग येताना तो प्रथम शरीरात जाणवतो. कान तापतात, श्वास आखूड होतो, जबडा आवळला जातो. ज्यास श्वास पाहण्याची सवय आहे, त्यास ही चिन्हे शब्द तोंडाबाहेर पडण्यापूर्वी दिसू शकतात. तेवढ्या दोन श्वासांच्या अवकाशात एक कटू वाक्य टळले, तर त्या दिवसाची साधना सफल झाली असे आम्ही मानतो.

सावधगिरी

१९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबात-झिन यांनी रुग्णांसाठी स्मृतिसाधनेवर आधारित वर्ग सुरू केला, तेव्हापासून रुग्णालयांतही तिचा उपयोग होऊ लागला. तथापि ध्यान हे औषधोपचारास पर्याय नव्हे. ज्यांस तीव्र नैराश्य अथवा अन्य मानसिक विकार आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून दीर्घ शिबिरास जाऊ नये व चालू औषध आपल्या मनाने थांबवू नये. धारवाड येथे डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची शासकीय संस्था आहे, तेथे निःसंकोच विचारणा करावी.

साधना सुटली म्हणून स्वतःस दोष देत बसण्याचे कारण नाही. ती सुटली हे ध्यानात आले, त्याच क्षणी स्मृती परत आलेली असते. तेथूनच पुन्हा 'एक' म्हणून मोजण्यास आरंभ करावा, ही सर्व वाचकांस नम्र विनंती.