आर्चबिशपचा चिटणीस

इ. स. १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी एक डच तरुण चिटणीस म्हणून आला. यान ह्युघेन व्हान लिन्सखोतेन हे त्याचे नाव. वाचकांची जीभ अडखळू नये म्हणून आपण त्याला नुसते यान म्हणू. त्याच्याजवळ ना तलवार, ना भांडवल. होती ती फक्त टिपून ठेवण्याची खोड.

पोर्तुगीजांचा जीव त्यांच्या सागरी नकाशांत होता. लिस्बनला ते कडीकुलपात असत. पण गोव्याच्या बाजारात उघड्या तोंडांना कुलूप कोण लावणार? सुमारे पाच वर्षे यानने मिरीचे भाव, वारे, बंदरे आणि पोर्तुगीज नाविकांच्या वाटा उतरवून घेतल्या. मायदेशी गेल्यावर १५९५-९६ मध्ये ते सारे छापले. मलाक्क्याला पोर्तुगीज प्रबळ आहेत, तेव्हा सुंदाच्या सामुद्रधुनीने जा, हा त्यातला सल्ला. १५९५ मध्ये निघालेली चार डच जहाजे दुसऱ्या वर्षी जावातल्या बँटमला पोहोचली!

पुढे १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. एका चिटणिसाच्या वहीवर ती विसंबून राहिली नाही. परतलेल्या जहाजांच्या रोजनिशा पाहून नकाशे सुधारायला तिने स्वतंत्र नकाशाकार नेमला. १६१७ पासून ते काम हेसेल गेरिट्सकडे होते. आमच्या शाळेत जुना कारकून निवृत्त झाला की निम्मे दफ्तर त्याच्या डोक्यातून घरी जाते; हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते, याचे मला फार कौतुक वाटते.

१६११ मध्ये ब्राउवर नावाच्या कप्तानाने केपवरून खाली दक्षिणेला उतरून पश्चिमेचे जोरदार वारे धरले आणि मग जावाकडे उत्तरेस वळला. वेळ निम्म्यावर आला. कंपनीने लवकरच ती वाट सर्वांना सक्तीची केली.

परंतु वळायचे कोठे? रेखांश मोजण्याचे खात्रीचे साधन तेव्हा नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील खडकांची नोंद फ्रेडरिक डी हाउटमनने १६१९ मध्येच केली होती. तरी जून १६२९ मधल्या एका रात्री ‘बटाव्हिया’ जहाज नेमके त्यांवरच आदळले. पहारेकऱ्याला पुढे पांढरे पाणी दिसले होते; कप्तान म्हणाला, ते चांदणे आहे.