पुडी, पार्सल आणि खोके

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया यांचेच स्मरण होते. म्हैसूरसारख्या राजनगरीत वास्तव्य करणाऱ्यास तर ते अधिकच होते. राजवाड्यावर आणि दसऱ्यावर लिहिणारे अधिकारी लेखक आपल्या मंडळात आहेत, त्यामुळे तो प्रांत आम्ही त्यांच्याकडेच ठेवतो. आम्ही निवडलेला विषय पुष्कळच घरगुती आहे. दूरच्या गावाहून आपल्या घरी येणारी वस्तू कशात बांधून येत असे, आज कशात येते आणि या फरकाची किंमत कोण मोजतो, एवढाच त्याचा विस्तार. मातृभूमीपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांच्या संसारात पार्सलाला जे स्थान असते, ते गावीच राहिलेल्यांना सांगून कळणार नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय अस्थानी ठरू नये.

आपल्या भाषेतील वेष्टनांचे शब्द आठवून पाहावेत. पुडी, पुडा, पुडके, पुरचुंडी, गाठोडे, बोचके, करंडी, टोपली, गोणी, बुधला, बरणी, द्रोण. यातील प्रत्येक शब्दामागे एक वेगळी वस्तू आणि एक वेगळी युक्ती आहे. हळद-कुंकवाची पुडी, सोन्याची पुरचुंडी, तेला-तुपाचा बुधला. पुडी बांधणे ही वाण्याची कला होती. कागदाची चौकट हातावर धरून, त्यात जिन्नस ओतून, चारही कडा मुडपून, वरच्या रिळातून ओढलेल्या दोऱ्याचे दोन वेढे देऊन तो दोरा बोटाने तटकन तोडीत असे. त्या पुडीचा कागद घरी वाचला जाई, दोरा गुंडाळून ठेवला जाई आणि टाकून देण्याजोगे काही उरतच नसे. मात्र या आठवणीने फार हळवे होण्याचेही कारण नाही. छापील कागदाची शाई अन्नास लागते आणि ती शरीरास अपायकारक असते. यास्तव अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्याविरुद्ध सूचना काढली आणि २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी त्यास बंदीच केली. भज्यांच्या पुडीवरील तेलकट अग्रलेख आम्हीही आवडीने वाचले आहेत, परंतु नियम योग्य आहे हे मान्य केले पाहिजे.

जुन्या पद्धतीचे दर्शन घ्यावयाचे तर देवराज मार्केटसारखे ठिकाण नाही. मल्लिगेची माळ तेथे ‘मोळ’ या मापाने विकली जाते. मोळ म्हणजे आपला हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. माळ केळीच्या पानात गुंडाळून दिली की घरी पोहोचेपर्यंत टवटवीत राहते आणि नंतर ते पान गाईच्या मुखी जाते. विड्याच्या पानांची कवळी, नंजनगूडची रसबाळे केळी, कुंकवाच्या रंगीत राशी यांतील एकाही वस्तूस खोक्याची गरज पडलेली नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये या बाजाराच्या इमारतीचा एक भाग कोसळला, तेव्हा अनेक म्हैसूरकरांना घरातील वडीलधारे माणूस आजारी पडल्यासारखे वाटले होते.

परंतु जवळचा बाजार हा अर्धाच भाग झाला. आपल्यासारख्यांचा खरा प्रश्न दूरच्या बाजाराचा. म्हैसूर संस्थानात टपालाची परंपरा फार जुनी आहे. चिक्कदेवराज वोडेयरांनी १६७२ साली ‘अंचे’ नावाची डाकव्यवस्था उभारली आणि ती १८८९ पर्यंत स्वतंत्रपणे चालू राहून मग ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्यात विलीन झाली. त्या खात्याने १८७७ साली एक नवी सोय सुरू केली होती. तिचे लांबलचक इंग्रजी नाव कोणी उच्चारीत नसे, सर्वत्र ‘व्ही. पी.’ एवढेच म्हणत. माल पोस्टमनने दारात आणावयाचा, पैसे त्याच्याच हाती द्यावयाचे आणि ते खात्याने विक्रेत्यास पोहोचवावयाचे. मराठी नियतकालिकांतील जुन्या जाहिराती चाळल्या तर पुस्तके, औषधे, घड्याळे, अत्तरे, सारे काही ‘व्ही. पी.ने पाठवू’ असेच आढळते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, ती महाराष्ट्राबाहेर मराठी घरोघरी पोहोचली ती टपालाच्या पाठीवर बसूनच.

व्ही. पी.तही फसवणूक होतीच. पैसे चुकते केल्याखेरीज पार्सल फोडता येत नसे, त्यामुळे घड्याळाच्या जागी भलतेच निघाल्याच्या कहाण्या घरोघरी सांगितल्या जात. उलट, ग्राहकाने ऐनवेळी पार्सल नाकारले तर जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्यास पडे. म्हणून ‘निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी’ ही ओळ जाहिरातीत येऊ लागली. दूरच्या खरेदीत विश्वासाची जोखीम कोणी उचलावी, हा वाद आजचा नव्हे.

त्या काळच्या पार्सलाचे वेष्टन मात्र पाहण्यासारखे असे. मांजरपाटाच्या कापडात वस्तू शिवावयाची, शिवणीवर ठिकठिकाणी लाखेचे ठसे द्यावयाचे आणि पत्ता शाईने कापडावरच लिहावयाचा. आमच्या घरी असे पार्सल आले की प्रथम शिवण उसवण्याचा समारंभ होई. कात्री लावण्यास सक्त मनाई असे, कारण त्या कापडाचे पुढे फडके व्हावयाचे असे आणि त्या फडक्यावर आमचा पत्ता कित्येक महिने पुसट होत जाई.

हापूसच्या पेटीची कथा याहून मोठी. लाकडी फळ्यांची पेटी, आत पेंढा आणि पेंढ्यात निजविलेली चार-पाच डझन फळे. हा पेंढा केवळ धक्के सोसण्यासाठी नसे, त्याच्या उबेत फळ पिकत असे. म्हणजे वेष्टन हीच अढी. पेटीच्या फळ्यांतून पुढे देवघराचे फडताळ किंवा बंबाचे जळण निघे. एका बिऱ्हाडास एवढे आंबे परवडत नसत आणि संपतही नसत, म्हणून दोन-तीन कुटुंबे मिळून पेटी मागवीत. गावाहून परतणाऱ्याच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला येई, तोही एकट्याचा नसे. परप्रांतांतील अनेक मराठी मंडळांचा आरंभ गणेशोत्सवाने झाला असे आपण लिहितो आणि ते खरेच आहे. परंतु वाटून घेतलेल्या पेट्यांचाही त्यात वाटा असावा, असे आमचे मत आहे.

वेष्टनाच्या इतिहासात खुद्द म्हैसूरचे स्थान लहान नाही. पहिल्या महायुद्धात चंदनाचे लाकूड परदेशी जाणे थांबले, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वोडेयर आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात संस्थानाने चंदनतेल काढण्याचा उद्योग हाती घेतला. त्यातून बंगळूरला सरकारी साबण निघाला. तो लंबगोल वडीचा म्हैसूर सँडल साबण दागिन्याच्या डबीसारख्या खोक्यात घालून विकण्यात आला. खोके हीच जाहिरात, हे आपल्याकडे ज्यांना लवकर उमगले त्यांत या संस्थानी कारखान्याची गणना करावी लागेल.

पुढे २१ ऑक्टोबर १९५० रोजी चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. अन्न कोणत्या वेष्टनात किती दिवस टिकते, याचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग तेथे आहे. १९६१ साली संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळाही याच शहरात स्थापन झाली. हिमशिखरावरील जवानास महिनोन् महिने टिकणारे जेवण द्यावयाचे, तर ते वेष्टनाच्या बळावरच देता येते. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात गेले, तेव्हा त्यांच्यासमवेतचे भारतीय खाद्यपदार्थ येथूनच गेले होते. तयार उपमा आणि पुलाव यांच्या ज्या चकचकीत पिशव्या आज दुकानोदुकानी दिसतात, त्यांच्या मागे या प्रयोगशाळेचे श्रम आहेत. प्लास्टिक, धातूचा पातळ पत्रा आणि पुन्हा प्लास्टिक असे थर एकजीव केले की हवा, ओल आणि प्रकाश यांपैकी काहीच आत शिरत नाही. वेष्टनास सरसकट दोष देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. नासलेले अन्न हाही कचराच आणि त्यामागे शेतकऱ्याचे पाणी, खत व घाम वाया गेलेला असतो. अडचण अशी की जे थर अन्न टिकवितात, तेच थर पुढे वेगळे करता येत नाहीत. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी अशी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करावयाचे ठरविले होते. २०१८ च्या दुरुस्तीने त्यात एवढ्या पळवाटा ठेविल्या की मूळ हेतू बाजूस पडला.

आता खोक्याकडे वळू. नागमोडी थराचा पुठ्ठा प्रथम इंग्लंडमध्ये १८५६ साली उंच टोप्यांच्या अस्तरासाठी निघाला. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने तो बाटल्या व दिव्यांच्या काचा गुंडाळण्यास वापरला. बुडबुड्यांचे प्लास्टिक तर १९५७ साली भिंतीवर चिकटविण्याचा शोभेचा कागद म्हणून जन्मास आले आणि तेथे कोणी विचारीना म्हणून वेष्टनाच्या धंद्यात शिरले. आमच्या नातवंडांचा त्यातील एकेक बुडबुडा फोडण्याचा उद्योग पाहिला की मूळ कल्पनेतील करमणुकीचा अंश शिल्लक आहे, असे वाटते.

भारतात हा खोका घरोघरी नेला तो ऑनलाइन खरेदीने. २००७ साली बंगळूरमध्ये फ्लिपकार्टचा आरंभ पुस्तकविक्रीने झाला. २०१० साली त्या कंपनीने ‘माल हाती आल्यावर पैसे’ ही सोय दिली, ती म्हणजे आपली जुनी व्ही. पी.च, केवळ पोस्टमनच्या जागी दुचाकीवरचा तरुण आला. २०१३ च्या जूनमध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात दुकान मांडले. २०२० च्या टाळेबंदीत तर ज्यांनी आजवर अशा खरेदीस नाक मुरडले होते, त्यांनाही तिचा आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षी कोकणातील बागायतदारांनी दलालास वगळून थेट ग्राहकास आंबा धाडला. आता एक-दोन डझनांचे भोकांचे पुठ्ठ्याचे खोके थेट दारात येते. एका कुटुंबास पुरेसे, वाटून घेण्याची गरज न पडणारे.

गेल्या वर्षी आम्ही एक साधा ताप मोजण्याचा थर्मामीटर मागविला होता. तो त्याच्या प्लास्टिकच्या नळीत, नळी पुठ्ठ्याच्या डबीत, डबी फुगविलेल्या पिशव्यांत आणि हा सारा संसार हातभर लांबीच्या खोक्यात, अशा थाटाने आला. असे का होते, याचा आम्ही थोडा शोध घेतला. कुरियरवाले हलक्या मालाचे भाडे वजनाऐवजी आकारमानावर घेतात. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार साधारणतः ५००० ने भागतात. ३० गुणिले २० गुणिले १५ या मापाचे खोके आत चिमूटभर माल असला तरी १.८ किलोचे धरले जाते. म्हणजे मोठे खोके विक्रेत्याच्याही तोट्याचेच. तरीही तो ते वापरतो, कारण गोदामात खोक्यांची ठरावीक मापेच ठेवलेली असतात आणि योग्य माप शोधण्यात कामगाराचा वेळ गेला तर ते अधिक महाग पडते. शिवाय माल फुटला तर वस्तू जाते, परतीचे भाडे जाते आणि गिऱ्हाईकही जाते. या हिशेबापुढे पुठ्ठा कस्पटासमान ठरतो. त्याचा शेवट कोठे होतो हे त्या हिशेबात धरलेलेच नसते.

दुकानातील खरेदी मात्र निर्मळ होती, असा समज करून घेणे बरोबर नाही. साबणाच्या वड्या दुकानातही मोठ्या खोक्यातूनच येत, फक्त ते खोके आपल्या दृष्टीस पडत नसे. एका गाडीने पन्नास घरांचा माल पोहोचविला तर पन्नास स्कूटरी बाजारात जाण्यापेक्षा इंधन वाचते, हेही खरे. ते खोटे ठरते तेव्हा, जेव्हा आपण आज सकाळी पेन्सिल, दुपारी खोडरबर आणि उद्या शार्पनर मागवितो आणि न आवडलेले परत धाडतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. आम्ही सरकारी सेवक असल्याने हे वाक्य वाचकांनी थोडे सावधपणे वाचावे. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीचे आदेश काढले. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या काही वस्तूंवर बंदी आली. मिठाईच्या पुड्यावरील आणि निमंत्रणपत्रिकेवरील प्लास्टिकचे पातळ आवरणही तीत आहे, कुरियरची पिशवी मात्र नाही. तिच्यासाठी फेब्रुवारी २०२२ च्या नियमावलीने उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे. जेवढे प्लास्टिक बाजारात आणले, त्याच्या ठरावीक भागाची विल्हेवाट त्यानेच लावावयाची. कागदोपत्री हे चोख आहे. परंतु ती पिशवी आपल्या दारातून प्रत्यक्ष उचलते ती नगरपालिकेची कामगार स्त्री.

म्हैसूरला याचे महत्त्व अधिक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात ७३ शहरांत या शहराचा पहिला क्रमांक आला होता आणि तो मान केवळ रुंद रस्त्यांमुळे मिळाला नव्हता. कुंबारकोप्पलसारख्या भागात ओला-सुका कचरा निवडून त्याचे खत करण्याचे काम वस्तीपातळीवर उभे राहिले होते. निवडणाऱ्या हातांना पुठ्ठ्याचा त्रास नाही, तो रद्दीवाला वजनाने नेतो. त्रास होतो पुठ्ठ्यावरील चिकटपट्टीचा, प्लास्टिकच्या अस्तराच्या कागदी पिशव्यांचा आणि आत उरलेल्या चुऱ्याचा. पट्टी सोलून, खोके उलगडून सपाट करून ठेविले तर त्या निवडणाऱ्यांचे काम निम्मे होते.

राहिला प्रश्न आपला. आमच्या परिचयाच्या काही वृद्ध दांपत्यांची मुले परदेशी आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना बाजार झेपत नाही. त्यांना औषधे, पुस्तके आणि पुण्याची बाकरवडी दारात मिळते, यात केवढे सुख आहे! त्यांना कोणी खोक्यांवरून उपदेश करू नये. मात्र पूर्वी मेतकूट घेण्याच्या निमित्ताने ज्यांच्या घरी पायरी चढली जाई, त्यांच्याकडे आता जाणे होत नाही, हेही याच दांपत्यांनी आम्हास सांगितले.

गेल्या दिवाळीपूर्वी मंडळातील काही सभासदांनी दिवाळी अंकांची मागणी एकत्र करून एकाच गठ्ठ्याने अंक मागविले. गठ्ठा चार दिवस उशिरा आला आणि दोन कुटुंबांनी तेवढा धीर न धरता आपापले अंक स्वतंत्रपणे मागविले. उरलेले सारे एका रविवारी अंक घेण्यास जमले, चहा झाला आणि कोणी कोणता अंक आधी वाचावयाचा यावरून बराच वेळ वाद झाला. गठ्ठ्याचे खोके ज्यांच्या घरी उतरले होते, त्यांनी ते गणपतीच्या सजावटीचे सामान ठेवण्यासाठी मंडळास दिले आहे.