गोचीड-ताप : लसीकृत गोधनातील प्रसाराचे गणित

थायलेरिया ॲन्युलाटा या एकपेशीय परजीवीमुळे होणारा व हायालोमा गोचिडांमार्फत पसरणारा गाईगुरांचा ज्वर. लस टोचलेल्या कळपात तो कसा पसरेल, याचे अनुमान करणाऱ्या गणितीय प्रतिरूपांचा विचार येथे केला आहे. या गणिताचे एक मूळ रोनाल्ड रॉस यांच्या हिवतापविषयक समीकरणांत (१९११) आहे. पुढे १९२७ मध्ये कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी साथींच्या प्रसाराचा आपला सिद्धांत ताडून पाहिला तो मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्युनोंदींशी, हे येथील वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावे.

त्या परंपरेतील हिशेब सरळ आहे : एक रोगी जनावर सरासरी चार जनावरांना बाधा देत असेल, तर पाऊण कळप सुरक्षित होताच साथ ओसरू लागते. बुळकांडी या गुरांच्या विषाणुजन्य साथीच्या बाबतीत हा हिशेब लागू पडला, कारण तिच्यातून उठलेले जनावर विषाणू बाळगीत नाही. २०११ मध्ये तिचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. गोचीड-तापातून वाचलेले जनावर मात्र तांबड्या रक्तपेशींत परजीवी बाळगून दीर्घकाळ वाहक राहते. आणि दुर्बल केलेल्या परजीवीची लस जनावराचा मृत्यू टाळीत असली, तरी पुढे नैसर्गिक बाधा होऊन ते वाहक बनणारच नाही, अशी हमी देत नाही. म्हणून ग्रहणक्षम, लसीकृत, रोगी व वाहक असे वर्ग निरनिराळे मांडावे लागतात. गोचिडाचेही तसेच : बाधा अंड्यांतून पुढील पिढीत जात नाही, डिंभाने वा अर्भकाने रक्ताबरोबर घेतलेला परजीवी कात टाकल्यानंतरची अवस्था दुसऱ्या जनावरास देते, त्यामुळे वारंवार चावणाऱ्या डासासाठी रचलेले सूत्र जसेच्या तसे येथे चालत नाही.

जामखेड तालुक्यातील, १७९५ च्या मराठे-निजाम लढाईने परिचित असलेल्या खर्ड्यासारख्या कसब्यासाठी असे प्रतिरूप मांडायचे झाल्यास, रोग सहज सोसणारी देशी जनावरे व त्यास बळी पडणाऱ्या संकरित गाई यांचे हिशेब वेगळे ठेवून, बाजारातून आलेल्या जनावरांची भरही त्यात धरावी लागेल. निष्कर्ष असा निघतो की, पाऊण कळपास टोचल्याने उरलेला पाव सुरक्षित होत नाही. संकरित वासरू न् वासरू टोचण्याचीच तजवीज हवी. उलट, लस न देता केवळ गोचीड कमी केले, तर वासरे लहानपणी बाधा न होता वाढतात व प्रौढपणी रोगास अधिक बळी पडू शकतात.

सर्वांत डळमळीत आकडा लसीच्या परिणामकारकतेचा. ही लस द्रव नायट्रोजनात गोठवून ठेवावी लागते. गावापर्यंत पोहोचताना भांड्यातील नायट्रोजन संपला, तर प्रयोगशाळेतील टक्केवारी प्रतिरूपात घालण्यात अर्थ राहत नाही.