दप्तरातील हानी आणि मनातील शोक

झाशी जिल्ह्यातील गुरसराय हे बुंदेलखंडातील मराठी जहागिरीचे एक जुने ठाणे. छत्रसालाच्या साहाय्यासाठी १७२९ मध्ये पहिला बाजीराव या प्रदेशात उतरला आणि त्यामागोमाग अनेक मराठी घराणी मामलतीच्या निमित्ताने येथे स्थिरावली. त्यांचा इतिहास वसूल, लढाया आणि दत्तकविधाने यांच्या कागदांतून पुष्कळसा सांगितला गेला आहे. पुरुषाने काय मिळविले व काय गमावले, हे दप्तर सांगते. गमावल्यानंतर तो कसा जगला, याविषयी ते बहुधा मूक असते.

बुंदेलखंडाचा कारभार पाहणारे गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले, यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी त्यांना धाडलेल्या पत्रांत पैशाचा, नावांचा आणि शत्रूची रसद तोडण्याचा तगादा आहे. त्या वयोवृद्ध मामलेदाराच्या मनावरील ताण मात्र अनुमानानेच जाणावा लागतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते शत्रूच्या छाप्यात मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा संहार झाला.

उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ही वार्ता वाटेत भिलसा येथे कळली, ती सराफी पत्रातील मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या सांकेतिक भाषेत. गोपनीयता हा त्या भाषेचा हेतू होता, हे उघड आहे. तथापि थोरला पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू भाऊ यांचा अंत एका पित्यास हिशेबाच्या शब्दांत समजावा, यात त्या काळाच्या पुरुषजीवनाचे मर्म सापडते. हानी मोजता येत होती. ती बोलून दाखविण्यास मात्र शब्द नव्हते. नानासाहेबांची प्रकृती आधीपासूनच ढासळलेली होती. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांचे निधन झाले. केवळ शोकानेच ते गेले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु त्या शोकाने त्यांची उरलीसुरली उमेद हिरावून घेतली, यावर इतिहासकारांचे सहसा दुमत नाही.

सुमारे नव्वद वर्षांनी झाशीत हेच निराळ्या रूपाने घडले. गंगाधरराव नेवाळकर यांचा १८५१ मध्ये जन्मलेला मुलगा काही महिन्यांतच दगावला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी दत्तक घेतला व दुसऱ्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. त्यामुळे इतिहासाने त्या बालकाचा मृत्यू 'वारस नसणे' म्हणून नोंदविला. पित्याचा पुत्रशोक या नोंदीत कोठेच आला नाही.

असे असले तरी जुन्या समाजाजवळ काही आधार होते. सुतकाच्या दिवसांत कर्त्या पुरुषास व्यवहारातून विसावा मिळे; आप्तेष्ट समाचारास येत आणि त्याच्याजवळ नुसते बसून राहत. मात्र दुःखास तेथे दिवसांची मुदत होती. ती सरली की त्याने पुन्हा कर्ता व्हावे, डोळे पुसावे, अशीच अपेक्षा असे. 'बायकांसारखा रडतोस काय' हा प्रश्न अनेक घरांतील मुलांच्या कानी लहानपणापासून पडत आला आहे.

या मौनाची किंमत आजही मोजावी लागत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात आत्महत्या करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुष होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. मात्र दूरध्वनी उचलण्यापूर्वी, आपले दुःख सांगण्याजोगे आहे, हे पुरुषास पटावे लागते. ते पटविण्याचे काम घरात, मित्रमंडळात व शाळेतच व्हावयाचे आहे. कर्त्या पुरुषाजवळ नुसते बसण्याची जुनी रीत त्यासाठी पुन्हा उपयोगी पडेल. फक्त त्या बसण्यास दिवसांची मुदत नसावी आणि त्याने बोलावयास आरंभ केला तर कोणी त्याला थांबवू नये.